तिकिटावर नंबर तुमचाच हवा

येत्या २९ मार्चला, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारी, विमानांचं २०२६चं उन्हाळी वेळापत्रक लागू होतंय. पहाडगंज, आरामबाग, करोलबाग, राजेंद्रनगर या भागातल्या ज्या मराठी घरांत एप्रिल ते जूनची तिकिटं काढून ठेवलेली आहेत, त्या सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: ती तिकिटं या आठवड्यात कपाटातून काढा आणि पुन्हा नीट वाचा. जानेवारीत स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं तिकीट कंपनीनं तेव्हाच्या अंदाजावर विकलेलं असतं. त्यानंतर वेळ बदलते, टर्मिनल बदलतं, विमान बदलतं, एखादं उड्डाणच यादीतून गळतं. बदल झाला की कंपनी कळवते, नाही असं नाही. ती कोणाला कळवते, एवढंच आधी बघा.

आपल्याकडे बरेच जण तिकीट एजंटकडून काढतात. मेन बाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत हॉटेलांच्या खाली तिकिटांची लहान लहान दुकानं आहेत. ही माणसं कामाची आहेत. रात्री अकरालाही फोन उचलतात, चार दिवसांची उधारी ठेवतात, आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून चहा पाजतात. त्यांच्याकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तिकीट काढताना संपर्काच्या रकान्यात एजंट बहुतेक वेळा स्वतःचाच मोबाईल नंबर आणि ईमेल घालतो. ओटीपी त्याच्याकडे यावा, काम पटकन उरकावं, एवढाच त्याचा हेतू असतो. पुढे कंपनी जे काही कळवते ते सगळं त्याच नंबरवर जातं. सीझनमध्ये त्याच्या फोनवर अशा मेसेजांची रांग लागलेली असते आणि त्यातला तुमचा कुठला हे शोधायला त्याला सवड नसते.

आमच्या शेजारच्या एका काकूंचं गेल्या उन्हाळ्यात असंच झालं. पुण्याचं सकाळी नऊ दहाचं विमान सात पंचवीसचं झालं होतं. मेसेज एजंटला गेला होता आणि एजंट भावाच्या लग्नाला गावी गेलेला. काकू आणि काका साडेसातला सामान घेऊन काउंटरवर उभे, तोवर विमान गेलेलं. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन फिरवून दाखवलं: मेसेज पाठवल्याची तारीख, वेळ आणि खाली नंबर. नंबर काकूंच्या ओळखीचा होता, एजंटचा. पुढच्या विमानाची दोन नवी तिकिटं जागेवरच्या भावानं घ्यावी लागली. पुतणीचं लग्न होतं, न जाऊन चालणार नव्हतं.

यात नियमही तुमच्या बाजूनं उभा राहत नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांत प्रवाशाला भरपाई मिळण्याची तरतूद आहे. पण तिकीट काढताना ज्यानं संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नाही, त्याला भरपाई देणं बंधनकारक नाही, असंही त्याच नियमांत लिहिलेलं आहे. एजंटचा नंबर असला की नेमकी हीच पळवाट उघडी राहते.

म्हणून छापील तिकीट हातात घ्या. वर सहा अक्षरांचा पीएनआर असतो, त्याखाली प्रवाशांची नावं, आणि मग कुठेतरी बारीक अक्षरात संपर्काचा नंबर. तो तुमचा आहे का बघा. नसेल तर एजंटकडे जाऊन बदलून घ्या, आणि बदलला हे त्याच्या तोंडून ऐकून घरी येऊ नका, समोर करून घ्या. किंवा घरातल्या मुलाला सांगा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये पीएनआर आणि आडनाव टाकलं की तिकीट उघडतं, नंबर बहुधा तिथेच बदलता येतो. आडनावाच्या जागी कधीकधी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पडलेलं असतं, मग तिकीट उघडत नाही आणि माणसं घाबरतात. छापील तिकिटावर नाव ज्या क्रमानं आहे त्याच क्रमानं टाकून बघा. आणि नाव ओळखपत्राशी जुळत नसेल तर आजच दुरुस्त करून घ्या, विमानतळाच्या दारात ते जमत नाही.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. वेळा बदलल्या की फसवणाऱ्यांचं फावतं. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधायला गेलं की सगळ्यात वर खोटे नंबर सापडतात. ‘तुमचं विमान रद्द झालंय, परतावा देतो, हे ॲप डाउनलोड करा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. नंबर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

आता टर्मिनल. दिल्लीत याचा गोंधळ इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहे आणि गेल्या दोन वर्षांत तो वाढलाय. २८ जून २०२४ला पावसात टर्मिनल १चं छत कोसळलं, तेव्हा तिथली उड्डाणं दुसरीकडे हलवली. एप्रिल २०२५मध्ये टर्मिनल २ नूतनीकरणासाठी बंद झालं आणि टर्मिनल १ पुन्हा पूर्ण चालू झालं. २६ ऑक्टोबर २०२५ला, हिवाळी वेळापत्रकाच्या पहिल्याच दिवशी, टर्मिनल २ पुन्हा उघडलं. त्या दिवसापासून एअर इंडियाच्या देशांतर्गत उड्डाणांपैकी ६० टर्मिनल २वर गेली, बाकीची ३वर राहिली, आणि एअर इंडिया एक्स्प्रेसची देशांतर्गत उड्डाणं १वर आली. एअर इंडियानं तेव्हा एक सोपी खूण ठेवली होती: टर्मिनल २वरून सुटणाऱ्या उड्डाणाचा क्रमांक चार आकडी आणि १ने सुरू होणारा. इंडिगोची उड्डाणंही एकाच टर्मिनलवर नाहीत. त्यामुळे ‘गेल्या वेळी आम्ही टी-थ्रीवरूनच गेलो होतो’ या आठवणीवर गाडीत बसू नका. गेल्या वेळची कंपनी, गेल्या वेळचाच क्रमांक, तरीही टर्मिनल वेगळं असू शकतं.

टर्मिनल २ आणि ३ एकमेकांना लागून आहेत, तिथे चूक झाली तर चालत निस्तरता येते. टर्मिनल १ मात्र धावपट्ट्यांच्या पलीकडे, रस्त्यानं काही किलोमीटर लांब आहे. सकाळच्या गर्दीत चुकीच्या दारात उतरलात तर सामान, मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन ते अंतर कापेपर्यंत काउंटर बंद होतं. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. मग कितीही गयावया केली तरी उपयोग नाही.

पहाडगंजहून जाण्याचे रस्तेही टर्मिनलप्रमाणे वेगळे आहेत. टर्मिनल २ आणि ३साठी एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो उत्तम, नवी दिल्लीहून वीसेक मिनिटांत पोचवते. पण तिचं स्टेशन रेल्वे स्टेशनच्या अजमेरी गेट बाजूला आहे आणि आपण राहतो दुसऱ्या बाजूला. सामान घेऊन रेल्वेचा पूल ओलांडणं सुट्टीच्या दिवसांत नको. १५ फेब्रुवारी २०२५च्या रात्री याच स्टेशनवर चेंगराचेंगरी होऊन १८ जण गेले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. त्यापेक्षा ऑटो करून कॅनॉट प्लेसच्या बाजूला शिवाजी स्टेडियम स्टेशनवर जा. तीच एअरपोर्ट एक्स्प्रेस तिथे थांबते, गर्दी कमी असते. टर्मिनल १साठी मात्र ही गाडी घेऊ नका. रामकृष्ण आश्रम मार्गावरून द्वारकेकडे जाणारी निळी लाइन पकडा, जनकपुरी वेस्टला उतरून मजेंटा लाइन घ्या, ती थेट टर्मिनल १च्या स्टेशनवर सोडते. तिकीटही स्वस्त पडतं.

आणि वेळ बदलली की रस्ताही बदलतो, हे ध्यानात ठेवा. पावणेआठचं विमान सहाचं झालं तर मेट्रोचा विषयच संपला, कारण एअरपोर्ट एक्स्प्रेसची पहिली गाडी पहाटे पावणेपाचच्या सुमाराला सुटते आणि निळी लाइन त्याहून उशिरा सुरू होते. मग आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवून ठेवावी लागते. मेन बाजारात पहाटे गाडी आत येते खरी, पण आठवडी सामानाचे टेम्पो उभे असले की अडकते. देशबंधू गुप्ता रोडवर किंवा पंचकुइयां रोडवर बोलवा.

टर्मिनलच्याही पुढची गोष्ट म्हणजे आता शहराचं नाव पुरेसं राहिलेलं नाही. दिल्ली म्हणजे पालम, असं इतकी वर्षं धरून चाललो. आता गाझियाबादच्या बाजूला हिंडन आहे. एअर इंडिया एक्स्प्रेसनं तिथून मार्च २०२५मध्ये उड्डाणं सुरू केली, इंडिगोनं जुलै २०२५मध्ये, आणि त्यात मुंबईसुद्धा आहे. स्टार एअरनं नांदेडसाठी हिंडनच निवडलं होतं, हुजूर साहिबला जाणाऱ्यांना ते ठाऊक असेल. हिंडन यमुनापारच्या लोकांना सोयीचं आहे, आपल्याला तितकंसं नाही: लाल लाइननं शहीद स्थळपर्यंत जाऊन पुढे ऑटो करावा लागतो. तिकिटावर जेवरचं नाव दिसलं, तर ते यमुना एक्स्प्रेसवेवरचं नोएडाचं नवं विमानतळ, इथून सत्तरेक किलोमीटर. स्वस्त दिसलेल्या तिकिटात टॅक्सीचं भाडं मिळवून मग ठरवा.

तिकडच्या टोकालाही तेच. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला सुरू झालं. पनवेल, उरण, अलिबाग, खोपोली आणि एक्स्प्रेसवेनं पुण्याकडे जाणाऱ्यांना ते फार बरं आहे, त्यांनी ते मुद्दाम निवडावं. बोरिवली-वसईवाल्यांनी तिथे उतरणं म्हणजे विमानात वाचवलेला वेळ रस्त्यावर घालवणं. ‘मुंबई’ एवढंच वाचून तिकीट घेऊ नका, शेजारी बीओएम (जुनं) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते बघा. गोव्यातही दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळं आहेत. मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झालं. सावंतवाडी, दोडामार्ग, पेडण्याच्या माणसाला मोपा जवळ, मडगाव-काणकोणच्या माणसाला दाबोळी.

सांगली-साताऱ्याकडच्या गलाईवाल्या मंडळींनी इथे विशेष लक्ष द्यावं. करोलबागेत आणि चांदणी चौकात सोनं-चांदी गाळणारे आपले खानापूर, आटपाडी, तासगावचे लोक चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला निघतात. काही जण पुण्याला उतरून गाडीनं जातात, काही मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूला विमान बदलून कोल्हापूर गाठतात. विमान बदलून जाताना दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी घेतली की पहिल्या विमानाची वेळ बदलल्यावर दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि तिचं चुकतही नाही. मुंबईत तर आता पहिलं विमान नवी मुंबईला आणि दुसरं सांताक्रूझहून, असंही तिकीट नकळत निघू शकतं. तेवढं शहर पार करायला दोन तास लागले तरी नवल नाही.

हे सगळं का बदलतं, तेही समजून घ्यायला हवं, म्हणजे काय बदलू शकतं याचा अंदाज येतो. वर्षात दोन वेळापत्रकं असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. कंपन्या काही महिने आधी विमानतळांकडून उतरण्या-सुटण्याच्या वेळा मागतात, त्यांना स्लॉट म्हणतात. दिल्ली-मुंबईत हे स्लॉट भरलेले आहेत. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथे नागरी विमानांना सेनादलाच्या वेळा सांभाळून जागा मिळते. सगळं जुळल्यावर डीजीसीए मंजुरी देते. तोवर तिकिटविक्री थांबलेली नसते. २०२५च्या हिवाळी वेळापत्रकात १२६ विमानतळांवरून आठवड्याला २६,४९५ उड्डाणं मंजूर झाली होती, त्याआधीच्या उन्हाळ्यात १२९ विमानतळांवरून २५,६१०. उड्डाणं वाढली आणि विमानतळ कमी झाले. अमरावतीचं नाव नव्यानं आलं, भावनगर-लुधियाना यादीतून गेले. लहान गावचं उड्डाण एका हंगामात येतं आणि दुसऱ्यात जातं. अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ला सुरू झालं म्हणून वऱ्हाडात आनंद झाला, तो योग्यच होता, पण लग्नाची तारीख अशा एकट्या उड्डाणाच्या भरवशावर ठेवू नका. नागपूरचा दुसरा रस्ता मनात असू द्या.

विमानं बदलतात त्याचं कारण विमानांचा तुटवडा. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषामुळे अनेक विमानं महिनोन्‌महिने जमिनीवर राहिली. मग ए-३२१ ठरलेलं असतं तिथे ए-३२० येतं, काही रांगा कमी होतात, पैसे भरून घेतलेली खिडकी जाते आणि आई एका टोकाला, लहान मूल दुसऱ्या टोकाला बसतं. नाशिक-कोल्हापूरसारख्या ठिकाणी पंख्याचं एटीआर येतं, साधारण ७०-७८ जागांचं, वरचे कप्पे लहान. चाकांची मोठी हँडबॅग त्यात बसत नाही, ती खाली द्यावी लागते. औषधं, दागिने आणि कागद वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे बॅग गेली तरी ते जवळ राहतील. चेक-इन सुरू झालं की लगेच जागा तपासा. विकत घेतलेली जागा कंपनीनं बदलली असेल तर तिचे पैसे परत मागा, मागितल्याशिवाय ते येतीलच असं नाही.

वैमानिकही पुरेसे हवेत, हे डिसेंबरनं सगळ्यांना शिकवलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ला पूर्ण लागू झाले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८वर गेली, रात्रीच्या उतरण्या सहावरून दोनवर आल्या. नियम योग्यच आहेत, थकलेल्या वैमानिकानं विमान उतरवू नये. पण इंडिगोची तयारी नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली, आणि दिल्लीहून सुटणारी तिची सगळी देशांतर्गत उड्डाणं मध्यरात्रीपर्यंत थांबवली गेली. दुसऱ्या दिवशी सरकारनं भाड्यांवर मर्यादा घातली, हजार ते दीड हजार किलोमीटरला १५,००० रुपये, आणि पुढे इंडिगोची १० टक्के उड्डाणं कमी करायला लावली. इंडिगोचं ते वेळापत्रकही मंजूर झालेलंच होतं. कागदावर उड्डाण आहे म्हणून ते होईलच, असं समजू नका.

विमान रद्द झालं तर तुमचा हक्क काय? दुसरं विमान की पूर्ण परतावा, ही निवड तुमची. कंपनीच्या खात्यात पुढच्या प्रवासासाठी पैसे ठेवायचे की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. सक्ती करता येत नाही. वेळेत न कळवता रद्द केलं तर वर भरपाईही आहे. दिल्ली-पुणे आणि दिल्ली-मुंबई ही दोन तासांहून जास्त वेळाची उड्डाणं, त्यांना १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. दिल्ली-नागपूरला मर्यादा ७,५००ची. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झालं तर भरपाई नाही, परतावा मात्र आहे. महाराष्ट्राच्या या उड्डाणांना दोन तासांहून जास्त उशीर असेल तर खाणं-पिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा सगळे पैसे परत. हे काउंटरवर शांतपणे, पण नेमक्या शब्दांत मागा. दिलं नाही तर तिथल्या तिथे बोर्डाचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, ‘एजंटला विचारा’ हे उत्तर स्वीकारू नका.

यंदाच्या पंचांगाकडेही बघायला हवं, कारण भाडी त्यावर हलतात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात बरेच मुहूर्त दाटलेत. अक्षय तृतीया १९ एप्रिलला आहे, आणि त्याच सुमाराला चारधामचे यात्रेकरू महाराष्ट्रातून दिल्लीत उतरून पहाडगंजच्या हॉटेलांत मुक्कामाला येतात, म्हणजे इकडे येणारी विमानंही भरलेली. ज्यांना लग्नाला जायचंच आहे त्यांनी थांबू नये. बाकीच्यांनी मात्र १७ मेनंतरचा विचार करावा. आपल्या मुलांच्या शाळा तोवर सुटलेल्या असतात, दिल्लीची सुट्टी साधारण ११ मे ते ३० जून, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाचं बोलावणंही असतं. तिकडच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात, त्यामुळे आतेभाऊ-मामेभाऊ घरी असतानाच भेट हवी असेल तर जूनचा पहिला आठवडा गाठा. राजेंद्रनगरातली आपली स्पर्धा परीक्षेची मुलं २४ मेच्या पूर्वपरीक्षेनंतर एकदम निघतात. २५, २६ मेची तिकिटं म्हणूनच महाग असतात, दोन दिवस थांबता आलं तर थांबा.

मे-जूनमध्ये दिल्लीत संध्याकाळी आंधी येते, विमानं जयपूर-लखनौला वळवली जातात. मुंबईत पावसाळ्याआधी मेमध्ये एक दिवस धावपट्ट्यांची दुरुस्ती असते, गेल्या वर्षी ८ मेला सकाळी ११ ते संध्याकाळी ५ होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथे पाऊस. म्हणून शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या. सकाळचं विमान आदल्या उड्डाणाच्या उशिरात अडकत नाही. लग्नाच्या, परीक्षेच्या किंवा ऑपरेशनच्या दिवशीच पोचायचा बेत करू नका, एक दिवस आधी निघा. आणि अगदी महत्त्वाचं काम असेल तर रेल्वेचा पर्याय जिवंत ठेवा. मुंबईची राजधानी आपल्या दारातून, नवी दिल्लीहून सुटते. सांगली-मिरजेला गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनहून आहे. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तारीख लक्षात ठेवून त्याच सकाळी काढावं लागतं.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी दोन शब्द. पाकिस्तानचं आकाश २४ एप्रिल २०२५पासून भारतीय विमानांना बंद झालं, प्रवास लांबले. एअर इंडियानं १ सप्टेंबर २०२५पासून दिल्ली-वॉशिंग्टन थांबवलं, त्यात ७८७ विमानांची अंतर्गत दुरुस्ती हेही कारण होतं. थेट म्हणून घेतलेलं तिकीट मध्ये एका थांब्याचं झालं असेल तर व्हीलचेअर दोन्ही ठिकाणी मागितलेली आहे का, आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे मुलाला फोन करून विचारा. संकोच करू नका.

दिवाळीची तिकिटंही काही जण आत्ताच बघताहेत. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि हिवाळी वेळापत्रक २५ ऑक्टोबरला लागेल. म्हणजे आज दिवाळीसाठी जी वेळ दिसते, ती ज्या हंगामात तुम्ही जाणार त्याची अजून ठरलेलीच नाही. घ्यायचं तर घ्या, पण परतावा मिळणारं घ्या आणि कंपनीची पत बघून घ्या. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला बंद पडली, गो फर्स्ट ३ मे २०२३ला. दोन्ही वेळा ऐन सुट्टीच्या तोंडावर, आणि आधी पैसे भरलेल्या कुटुंबांना ते मिळवायला फार त्रास झाला.

आपल्या मंडळांतल्या तरुण मुलामुलींना शेवटची विनंती. आपल्या गल्लीत असे कितीतरी आजी-आजोबा आहेत ज्यांच्याकडे साधा फोन आहे, किंवा मोठा फोन आहे पण इंग्रजी मेसेज वाचता येत नाही. २९ मार्चच्या आत एखादी संध्याकाळ काढा. त्यांच्या घरी जा, तिकीट मागून घ्या, पीएनआर उघडा, नंबर त्यांचा आणि त्यांच्या मुलाचा घाला, वेळ आणि टर्मिनल मोठ्या अक्षरात मराठीत कागदावर लिहून तो फ्रीजवर चिकटवा. मग निघण्याच्या आधी तीन दिवस आणि आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा, आणि काही बदललं असेल तर त्यांना फोन करून सांगा.